ट्रक आणि प्रोग्रॅमिंग : दोन्हींबद्दल वाचायला गोडी लागेल असं काय आहे?

रिकामी_फेरी :
नमस्कार मंडळी. मी ट्रेलर चालवतो. न्हावा शेवाहून भिवंडी, तळोजा, वापी, कधी नाशिक. घर मानखुर्दला. मागच्या पावसाळ्यापासून फोनवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय आणि त्यात मनापासून रमलोय. पोर्टच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की नंबर कधी लागेल याचा नेम नसतो. कधी तासाभरात हलतो, कधी रात्र तिथेच जाते. तो वेळ मी वाचनात घालवतो. गाडी चालत असताना फोन हातात घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिकवणारं साहित्य मला भरपूर मिळालंय. हवंय ते वेगळं. प्रोग्रॅमिंगबद्दल शोधायला गेलं की 'तीन महिन्यांत नोकरी मिळवा' असलं काहीतरी समोर येतं. ट्रकबद्दल शोधलं तर अपघाताच्या बातम्या आणि गाडीमागच्या ओळींचे फोटो. काम करणाऱ्याचा दिवस जातो कसा, तो अडतो कुठे, अडल्यावर काय करतो, ते कोणी सांगत नाही.

उदाहरण देतो. कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. उताराच्या तोंडालाच गिअर पडला पाहिजे, कारण एकदा गाडीने वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापले की वास येतो, पेडल दाबलं तरी गाडी तितकीशी ऐकत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे असतात, त्यांच्या मागे मी कधीच राहत नाही. एवढ्या एका उतारावर दहा पानं लिहिता येतील आणि मी ती आवडीने वाचेन. प्रोग्रॅमरच्या कामातही असे घाट असणारच. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलंय का? इंग्रजी चालेल, सावकाश वाचतो. मराठी असेल तर फारच उत्तम.

कसाराघाट :
घाटाचं अगदी खरं लिहिलंत. मी नाशिकचा, भाजीची गाडी वाशी मार्केटला आणायचो. वाचनाचं काही सुचवता येणार नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ठाणेकरीण :
दादा, तुम्ही जे मागताय तेच मीही इतकी वर्षं शोधत आलेय, फक्त प्रोग्रॅमिंगच्या बाजूने. माझ्या कपाटात टिकून राहिलेली दोन-तीन नावं सांगते.

ट्रेसी किडर यांचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन', १९८१ सालचं. डेटा जनरल नावाच्या अमेरिकन कंपनीतले काही इंजिनिअर एक नवा संगणक तयार करतात, त्याची खरी गोष्ट. १९८२ मध्ये याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. किडर स्वतः इंजिनिअर नव्हते, त्यामुळे सगळं मुळापासून समजावून घेऊन लिहिलंय. मशीन चालत नाही, का चालत नाही ते कळत नाही, आणि माणसं रात्र रात्र त्यामागे लागलेली. तुम्ही म्हणता ते घाट यात आहेत.

दुसरं, फ्रेडरिक ब्रुक्स यांचं १९७५ चं 'द मिथिकल मॅन-मंथ'. हे आयबीएम या संगणक कंपनीच्या ओएस/३६० या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रमुख होते. आधीच उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली तर उशीर वाढतो, हे त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. नव्या माणसाला समजावून देण्यात जुन्याचा वेळ जातो आणि आपापसातल्या बोलण्याचा पसारा वाढतो, हे कारण. पुस्तक लहान लहान निबंधांचं आहे. नंबर लागला तर मध्येच मिटून ठेवता येईल.

तिसरं नाव एडस्गर डाइक्स्ट्रा. पुस्तक नाही, टिपणं. हा डच संगणकशास्त्रज्ञ फाउंटन पेनने सुंदर अक्षरात टिपणं लिहायचा, त्यांना क्रमांक द्यायचा आणि ओळखीच्यांना झेरॉक्स पाठवायचा. अशी १३०० हून जास्त टिपणं आहेत आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने ती फुकट वाचायला ठेवली आहेत. काही गणिताची, जड; ती सोडून द्या. प्रवासाची आणि शिकवण्याबद्दलची आधी काढा. माणूस कडक होता, पटलं नाही की सरळ लिहायचा. मला त्याच्यातलं तेच आवडतं.

डाइक्स्ट्राचं काम तुम्ही रोज वापरता, हेही सांगते. नकाशावर जवळचा रस्ता काढायच्या पद्धतींच्या मुळाशी त्याची रीत आहे. १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमला होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर एका कॅफेत बसले असताना वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता त्याने ती शोधली. छापली १९५९ मध्ये.

जुनी_बिल्टी :
१९५६! तेच साल आमच्याही धंद्याचं आहे. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं. ते पाठवणारे माल्कम मॅक्लीन हे मुळात ट्रकवाले. १९३० च्या दशकात एका जुन्या ट्रकवर त्यांनी धंदा सुरू केला होता. तुम्ही रोज जो डबा ओढता त्याची सुरुवात एका ट्रकवाल्याने केली. मार्क लेव्हिन्सन यांचं 'द बॉक्स' (२००६) या विषयावर आहे. बंदरातल्या कामगारांचं काय झालं, मापं कशी ठरली, सगळं त्यात आहे. मधला मापांच्या वाटाघाटींचा भाग लांबलाय, पण आपल्याला तोही गोड लागेल.

मी मस्जिद बंदरला एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या, पेढीवर बुकिंगला होतो. आता निवृत्त.

रिकामी_फेरी :
काका, पेढीवरचं जरा सविस्तर लिहाल का? जकातीच्या काळातलं ऐकायचंय. मी लायसन्स काढलं तेव्हा नाके होते, पण मला शहरात यायची वेळ कमी आली.

सेमीकोलन :
मीही काकांच्या प्रतीक्षेत. तोवर माझं सांगते. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, संगणक शाखा. बाबा माहुलहून पेट्रोलचा टँकर चालवतात. त्यामुळे घरात दोन्ही विषय.

जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांचा १९५९ चा एक शोधनिबंध आहे, नाव 'द ट्रक डिस्पॅचिंग प्रॉब्लेम'. एका डेपोतून बऱ्याच पंपांवर पेट्रोल पोचवायचं आहे, प्रत्येक पंपाची मागणी वेगळी, टँकरची क्षमता ठरलेली, तर कुठला टँकर कुठल्या पंपांवर पाठवावा म्हणजे एकूण अंतर कमीत कमी होईल. आमच्या अभ्यासात हे आलं तेव्हा मी घरी येऊन बाबांना सांगितलं की तुमच्यावर १९५९ मध्ये पेपर लिहिलाय. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले.

नुसते दहा थांबे घेतले तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. पंधरा घेतले तर एक लाख कोटीच्या वर जातात. सगळे तपासत बसणं शक्य नसतं म्हणून युक्त्या काढाव्या लागतात. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी काढलेली युक्ती कोणालाही समजेल. दोन गिऱ्हाइकांकडे दोन वेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी एकाच फेरीत दोन्ही उरकली तर किती अंतर वाचेल, ते प्रत्येक जोडीचं काढायचं. जिथे सगळ्यात जास्त वाचतं ती जोडी आधी बांधायची. मग पुढची. गाडी भरेपर्यंत जोडत जायचं. मिळणारं उत्तर सर्वांत उत्तम असेलच असं नाही, पण बरं असतं आणि पटकन मिळतं.

बाबांचं म्हणणं मात्र वहीत लिहून ठेवलंय. पेपरात टँकर पंपावर पोचला की काम झालं. प्रत्यक्षात पोचल्यावर कुलपं तपासायची, प्रत्येक कप्प्यात डिप रॉड घालून उंची बघायची, नमुना काढून घनता आणि तापमान घ्यायचं, पंपाच्या टाकीत तेवढी जागा आहे का ते बघायचं, आणि मग पाइप जोडायचा. वरून गर्दीच्या वेळी मुंबईत जड वाहनांना बंदी. घोडबंदरला गायमुखजवळ अडकलात तर सगळं गणित मागे पडतं. हे सगळं गणितात घालता येतं आणि लोकांनी घातलंयही. पण आधी टँकरवाल्याने सांगायला हवं ना!

वाचायला सुचवायचं तर ट्रकच्या बाजूने दोन पुस्तकं. रजत उभयकर यांचं 'ट्रक दे इंडिया' (२०१९), मुंबईच्या पत्रकाराने ट्रकवाल्यांबरोबर देशभर केलेला प्रवास. आणि फिन मर्फी यांचं 'द लाँग हॉल' (२०१७), हे स्वतः ड्रायव्हर. अमेरिकेत लोकांचं घरसामान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेतात. सामान बांधताना माणसांची घरं आतून दिसतात, त्याबद्दल फार छान लिहिलंय. तिकडेही ड्रायव्हरांमध्ये वरचा-खालचा असतो आणि घरसामान नेणाऱ्यांना बाकीचे जरा कमी लेखतात, हे वाचून बाबा म्हणाले, सगळीकडे सारखंच.

जुनी_बिल्टी :
तुमचा क्लार्क आणि राइट आमच्याकडचा बुकिंग क्लार्क तोंडी करायचा. 'सातारचे आठ नग पडलेत, कऱ्हाडचे वीस, दोन्ही एका गाडीत घाला, कोल्हापूरची जागा सोडा.' गाडी भरायची तीही उलटी. शेवटी उतरणारा माल आधी आत, केबिनकडे. पहिला उतरणारा मागच्या फट्ट्याजवळ.

आता विचारलंत म्हणून लिहितो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कार्बन घालून लिहायची. माल देणारा, घेणारा, नग, मार्का, वजन, भाडं 'पेड' (आधीच भरलेलं) की 'टू पे' (माल घेणाऱ्याने द्यायचं). पेन दाबून लिहावं लागायचं, नाहीतर शेवटची प्रत वाचता यायची नाही. ड्रायव्हर चार अक्षरं बोलायचा नाही, पण बिल्ट्यांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बनियनच्या आत ठेवायचा. ताडपत्री भिजली तरी कागद कोरडा.

माल चढवायला माथाडी. हातात लोखंडी आकडा, पोतं उचलून पाठीवर घ्यायचं आणि फळीवरून चढायचं. त्यांच्यासाठीचा कायदा १९६९ चा. पोतं कुठे रचायचं हे त्यांना सांगावं लागायचं नाही. आकडा शिवणीजवळ लावायचे, मध्ये लावला की पोतं फाटतं.

जकात नाके मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी इकडे. मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिकेला जकात भरायची. मालाची बिलं बघून हिशोब, पैसे, पावती, आणि मग गाडी पुढे. रांगेत उभ्या गाड्यांच्या मध्ये चहावाले, भेळवाले, हवा भरणारे, पाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दुरुस्त करणारे, एक अख्खं गाव असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात संपली. मग १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन काढलेला कागद. आज त्या रस्त्याने जाताना नव्या ड्रायव्हरला नाका कुठे होता हे दाखवावं लागतं.

संगणकाबद्दल म्हणाल तर तोही आमच्या शेजारी होताच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक नावाचा, भारतात घडवलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. आमच्या पेढीवर मात्र माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी आला.

कसाराघाट :
काका, एवढं सगळं एकटाकी लिहिलंत! दादा मागत होते ते हेच की.

रिकामी_फेरी :
अगदी हेच. काका, पार्किंगमध्ये शेजारच्या दोन गाडीवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एकाचे वडील मुलुंड नाक्यावर चहा विकायचे. तो म्हणाला, पाटेवाल्यांचं अजून लिहायला सांग.

ठाणेकरीणताई, आता प्रोग्रॅमिंगच्या बाजूचं असंच काही तुम्ही लिहा. पुस्तकातलं नको, तुमच्या कामातलं.

ठाणेकरीण :
बरं. गाड्यांशी संबंधितच सांगते.

आम्ही गाड्यांवरच्या जीपीएसची माहिती घेऊन अहवाल बनवतो. एका गिऱ्हाइक कंपनीच्या अहवालात काही ड्रायव्हर रात्रभर न थांबता गाडी चालवतात आणि भर संध्याकाळी पाच-पाच तास झोपतात असं दिसत होतं. त्यावरून त्यांना बोलणी बसायची, भत्ता कापला जायचा. आकडे सगळे नीट, प्रोग्रॅम कुठेही बंद पडत नव्हता. एक दिवस एका ड्रायव्हरने थेट आमच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. म्हणाले, 'मॅडम, साडेपाचला मी थांबलोय असं लिहिलंय. साडेपाचला मी खालापूरच्या टोलवर होतो, फास्टॅगचा मेसेज आहे माझ्याकडे.'

तो मेसेज हातात आला आणि गुंता सुटला. जीपीएस यंत्रं जगभराची एकच वेळ पाठवतात, ग्रिनिचची. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी ते साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. रात्री अकरा ते पहाटे चार झोपलेला माणूस अहवालात संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा झोपलेला दिसत होता. दुरुस्ती एका ओळीची. शोधायला मात्र टोल नाक्यावरची एक खरी वेळ लागली. जुने अहवाल पुन्हा काढून कंपनीला पाठवले आणि कापलेला भत्ता परत द्यायला लावला. त्यासाठी मी तीन वेळा पत्रं लिहिली, कारण प्रोग्रॅम सुधारला म्हणून माणसाचे पैसे आपोआप परत येत नाहीत.

मला या कामात सगळ्यात जास्त हेच आवडतं. कुठेतरी एक खरी गोष्ट सापडते, तिच्यावर पाय रोवून बाकीचं तपासत जायचं.

सेमीकोलन :
ताई, हे आमच्या वर्गात वाचून दाखवू का?

ठाणेकरीण :
जरूर. कंपनीचं नाव नाहीच आहे त्यात.

रिकामी_फेरी :
ताई, त्या ड्रायव्हरच्या वतीने धन्यवाद. झोपेचा हिशोब आमच्याकडे नाजूक विषय आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. प्रत्यक्षात ते किती जण पाळायचे ते मी इथे लिहीत नाही, पण खरी झोप चुकीची दाखवली तर राग येणारच.

आता माझा प्रश्न. मी करायला घेतलेला पहिला खरा प्रोग्रॅम कंटेनरच्या नंबरचा आहे. एका यार्डात गेट पासवर दोन आकडे उलटे पडले आणि मला गाडी बाजूला काढून निम्मा दिवस थांबावं लागलं. तेव्हा कोणीतरी म्हणालं की नंबर बरोबर आहे की नाही हे नंबरावरूनच कळतं. ते कसं?

ठाणेकरीण :
वा, हे तर फारच छान काम निवडलंत. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. चौकटीतला आकडा आधीच्या दहा खुणांवरून काढलेला असतो. मानकाचं नाव आयएसओ ६३४६.

नेहमी दिला जाणारा नमुना घेऊ : सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. आधी अक्षरांचे आकडे. ए म्हणजे १०, मग बी १२, सी १३ असं चढत जायचं, पण ११, २२, ३३ वगळायचे. म्हणून सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता पहिल्या खुणेला १ ने गुणा, दुसरीला २ ने, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत दहावीला ५१२ ने. सगळ्याची बेरीज ६१८५. तिला ११ ने भागा, बाकी ३. चौकटीतला आकडा जुळला.

आता ५४ च्या जागी ४५ लिहून बघा. बेरीज ६२४९, बाकी १. चौकटीत ३, म्हणजे कुठेतरी चूक आहे हे कळलं. प्रत्येक जागेचा गुणक वेगळा असल्यामुळे उलटे पडलेले आकडे पकडले जातात.

रिकामी_फेरी :
जमलं. रात्री पार्किंगमध्येच बसून लिहिला आणि समोरच्या गाड्यांवरचे नंबर बघून बघून तपासले. सगळे जुळले. फक्त एका डब्यावर माझी बाकी १० येते आणि चौकटीत ० आहे. दार जवळून बघितलं, नंबर स्वच्छ वाचता येतोय.

ठाणेकरीण :
बाकी १० आली तर ० लिहितात, चौकटीत एकच आकडा मावतो म्हणून. असे नंबर शक्यतो टाळावेत असं सांगितलेलं असतं, पण काही भेटतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये बाकी काढल्यावर तिला पुन्हा १० ने भागून बाकी घ्या. १० चा ० होईल, बाकीचे आकडे तसेच राहतील.

जुनी_बिल्टी :
मी वहीवर तीन नंबर करून बघितले. बिल्टीच्या काळात हे माहीत असतं तर चुकामूक झालेले कितीतरी डबे वाचले असते.

मराठीत वाचायचं असेल तर अच्युत गोडबोले यांचं 'मुसाफिर' सुचवायचं राहिलं होतं. सोलापूरचं बालपण, आयआयटी, शहाद्याची आदिवासी चळवळ आणि मग सॉफ्टवेअरमधली कारकीर्द, सगळं मोकळेपणाने लिहिलंय. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. १८९८ पासूनची संस्था आहे, मी अजून शनिवारी जातो. पाटेवाल्यांबद्दल लिहायला घेतलंय. मुलुंडच्या एका जुन्या कारागिराला भेटून आलो की टाकतो.

रिकामी_फेरी :
काका, 'मुसाफिर' आणि 'द बॉक्स', दोन्हींची नावं लिहून घेतली. गाडी खाली झाली की दादरला चक्कर मारेन. ताई, ० चं काम झालं, आता सगळे डबे जुळतात. पुढे असं मनात आहे की नंबर टाइप करायला नको, दाराचा फोटो काढला की प्रोग्रॅमने तो वाचावा. गंजलेल्या दारावर ८ आणि ३ सारखेच दिसतात, तिथे हा शेवटचा आकडा उपयोगी पडेल का?

ठाणेकरीण :
पडेल. ८ धरून एकदा आणि ३ धरून एकदा हिशोब करायचा, जो जुळेल तो घ्यायचा. दोन जागी शंका असेल तर मात्र कधी कधी दोन उत्तरं जुळतात, तेव्हा माणसाने बघावं लागतं. त्याचा वेगळा धागा काढा आणि गंजलेल्या दारांचे चार-पाच फोटो टाका, तिथे सविस्तर लिहिते.